एका घरातले दोन गुडघे

मागच्या वर्षी आमच्या घरात दोन गुडघे सुजले. त्यातला एक बरा झाला. तो माझा.

माझ्या गुडघ्याची हकीकत गावात सगळ्यांना पाठ आहे. मी जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. बातमी पसरवायला मला वेगळी यंत्रणा लागत नाही, मधली सुट्टी पुरते. जूनच्या शेवटी वरून आदेश आला की शाळेच्या भिंती बोलक्या करा. म्हणजे भिंतींवर बाराखडी, पाढे, फळं आणि मोर काढा. पेंटरने वरचा भाग रंगवला. जमिनीपासून दोन फुटांचा पट्टा पहिलीच्या मुलांसाठी राखलेला होता, आणि तिथे वाकायला त्याने नकार दिला. त्याची कंबर धरत होती. मग शाळा सुटल्यावर, रोज, तीन आठवडे, मी फरशीवर गुडघे टेकून दोनपासून दहापर्यंतचे पाढे रंगवले. तपासणीला आलेल्या साहेबांनी उभ्याउभ्याच वरचा मोर पाहिला, "छान" असा शेरा मारला आणि राळेगावच्या दिशेने गेले. पहिलीत त्या वर्षी चार मुलं होती.

जुलैत माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी सूज आली. चार दिवसांनी त्या लिंबाचं संत्रं झालं.

यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, "बर्सायटिस. वाटीवर एक बारीक पिशवी असते, कातडं घासू नये म्हणून. सारखं टेकून ती सुजते. घाबरायचं काही नाही. गुडघे टेकायचे नाहीत, बर्फ लावायचा आणि घरच्या घरी व्यायाम. सहा आठवडे." मग चष्म्यावरून पाहत हसले. "खरं म्हणजे हा घर पुसणाऱ्या बायकांचा आजार. गुरुजी, तुम्हाला कुठून झाला?"

शेजारच्या स्टुलावर माझी बायको विजयमाला बसली होती. तीही हसली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक छापील कागद दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच सरकवत गुडघा वाकवायचा. शेवटी टॉवेल तळव्याला अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. प्रत्येक गोष्ट दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : कोणाच्याही मदतीशिवाय करता येतील असे व्यायाम.

हे वाक्य मी वाचलं होतं. शिक्षक असल्यामुळे मी सगळंच वाचतो. पण आमच्याकडे नवऱ्याने घरात एखादी गोष्ट आपली आपण केली, की भांडण झालं असावं असं शेजारी समजतात. त्यामुळे टॉवेलच्या जागी विजयमाला आली.

समोरच्या खोलीत माझ्यासाठी सतरंजी अंथरली जाई. ती एका माणसापुरती होती. विजयमाला सतरंजीच्या बाहेर, उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसे, माझी टाच दोन्ही हातांत धरे आणि मोजे.

"अजी, ढिला सोडा ना पाय. काहून एवढा ताठ धरून राह्यले?"

"मी ताठ नाई. गुडघा ताठ हाय."

"तुमच्यात अन् त्याच्यात मले फरकच दिसत नाई. हं. एक... दोन..."

एवढी मेहनत निव्वळ माझ्या तब्येतीसाठी चालली होती असं मला वाटत नाही. पुढे भाद्रपद होता, आणि भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळी मुखवटे, नव्या साड्या, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी जेवण. सोळा भाज्या, पुरण, वडे, कढी, आंबील आणि दीडशे माणूस. आमच्या घराण्यात एक नियम आहे, तो कोणी लिहून ठेवलेला नाही म्हणून मोडताही येत नाही : ज्या घरची माणसं धडधाकट, त्या घरी महालक्ष्म्या. मोठ्या काकूंची कंबर गेली तेव्हा त्या आमच्या आईकडे आल्या. आईचे हात कापायला लागले तेव्हा तिने त्या विजयमालाच्या हाती दिल्या. त्याला चोवीस वर्षं झाली.

आता शेजारच्या घरात माझा धाकटा भाऊ मारोती राहतो. त्याची बायको विमल. ती वाईट बाई नाही. पण दरवर्षी पोळा झाला की ती कुंपणाशी येऊन म्हणे, "बाई, झेपत नसन तं सांगा जी, मी हावो." ती मदतीचं बोले. विजयमालाला त्यात मुखवट्यांची मागणी ऐकू येई. दोघींपैकी कोणाचं बरोबर होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी विजयमालाने मला बजावलं, "लक्ष्म्यांच्या पंगतीत तुमी मांडी घालून बसलेच पायजे. नाईतं लोकं म्हनतीन, घरधनीच अधू झाला, आता न्या लक्ष्म्या मारोतीभाऊजीकडं."

"अन् नाई बसता आलं तं?"

"तं मीच उचलून बसवीन. पण बसान तुमी."

तर असा माझा गुडघा घराण्याच्या कामाला लागला.

दुसऱ्या आठवड्यापासून लोक गुडघा पाहायला येऊ लागले. प्रत्येकजण बिस्किटांचा पुडा आणी, सूज अंगठ्याने दाबून पाही आणि कोणाच्या तरी मावसभावाला असंच झालं होतं ते सांगे. त्या मावसभावांपैकी निम्मे शेवटी दगावत. प्रत्येकाला चहा होई. चहा झाल्यावर फरशीवर चिखलाची पावलं उरत, कारण पावसाळा होता. ती पावलं विजयमाला पुसून काढी. बादली घेऊन, गुडघ्यांवर सरकत, दारापासून माझ्या सतरंजीपर्यंत. मी पाय उचलून धरी. तेवढाच व्यायाम.

चौथ्या आठवड्यात माझं संत्रं पुन्हा लिंबू झालं. पुण्याहून ऋतिकचा, आमच्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. त्याने माझा गुडघा चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "बाबा, ग्रेट!" मोबाईल विजयमालाने धरला होता, त्यामुळे ती चित्रात नव्हती.

त्याच आठवड्यात मला काही गोष्टी दिसल्या. त्या मी नीट पाहिल्या आणि प्रत्येकीचा चुकीचा अर्थ लावला. विजयमालाने आठवडी बाजारातून उभ्याने पुसायचा दांड्याचा पोछा आणला; मला वाटलं, घरात आधुनिकता आली. पायऱ्या चढताना ती डावा पाय पुढे टाकून उजवा मागून ओढून घेई. मला वाटलं, माझी नक्कल करते. भाकरी थापायला ती ओट्याशी उभी राहू लागली, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की बायकांनी असं बदललं पाहिजे.

आणि मोजताना ती सहावर थांबायची.

"चार... पाच... सहा..." आणि मग काहीच नाही. टाच माझी तिच्या हातात, डोळे मिटलेले, ओठ आत घेतलेले.

"सहानंतर सात येते," मी म्हणायचो.

"हो जी, मास्तर. सात."

असं एकदा नाही, आठ-दहा दिवस झालं. सत्तावीस वर्षं मी मुलांना मोजायला शिकवतो आहे. एखादं पोरगं सहावर अडकलं तर ते का अडकलं हे शोधा, असं आम्हाला दर उन्हाळ्यात प्रशिक्षणात सांगतात.

पाचव्या आठवड्यात घरात बिब्ब्याचा वास आला. ज्यांच्या घरी तो येत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : बिब्बा म्हणजे जंगलातलं एक काळं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं. ते दुखऱ्या सांध्यावर टेकवायचं. कातडं भाजतं, फोड येतात, आणि आतलं दुखणं बाहेर आलं असं म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या घोट्यांवर आणि कोपरांवर त्याचे काळे डाग असतात. मी शाळेत त्याच्याविरुद्ध दरवर्षी एक भाषण देतो.

"कोनाचं काय दुखलं?" मी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

"कोनाचं नाई. डब्यात जुने बिब्बे होते, पाह्यलं खराब झाले का."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी माझा सहावा आठवडा संपला. विजयमालाने दोघींना साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले, नथी घातल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चुली पेटल्या. विमल वडे तळायला आली होती. आलेल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "विजूबाईच्या चेहऱ्यावर पाह्य कसं तेज आलं. लक्ष्म्याच उतरल्या वं." तिचे गाल लालबुंद झाले होते आणि डोळे चमकत होते. मलाही ते तेज वाटलं. ताप अंगावर वागवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

एक वाजता पहिली पंगत मांडली. मी सगळ्यांदेखत भिंतीचा आधार न घेता खाली बसलो आणि मांडी घातली. पूर्ण मांडी. मारोती ओरडला, "भाऊ बसला! बसला रे भाऊ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. मी दाराकडे पाहिलं. विजयमाला नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. तिनेही पाहिलं. एवढं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. लग्नात अर्थात तिचा चेहरा झाकलेला होता.

ती महालक्ष्म्यांसमोर गेली. ताट ठेवायला गुडघ्यांवर बसली. पाणी फिरवलं. मग कपाळ जमिनीला टेकवलं.

आरती झाली. तिने डोकं उचललं नाही. सगळे हात जोडून थांबले. भक्ती एवढी लांबली की घाई करणं बरं दिसेना. म्हणून एका काकांनी दुसरी आरती सुरू केली. तीही झाली. दीडशे माणसं तिच्याकडे कौतुकाने पाहत होती. मी पण.

पुढे गेली ती विमल. तिने पाठीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. "अवो, अंग तं निसतं पेटलं हाय बाईचं! बाई! बाई, उठा ना!"

मी उठायला गेलो. मांडी घालणं मला सहाव्या आठवड्यात जमलं होतं. मांडीतून उठताना मात्र रोज विजयमालाच हात देत होती. मी तिथेच पत्रावळीसमोर बसून राहिलो, दोन्ही तळवे जमिनीला टेकून. मारोती आणि विमल यांनी तिला उताणं केलं तेव्हा साडीचा उजव्या गुडघ्यावरचा भाग ओला होता. वासावरून ते पाणी नव्हतं.

गाडीत घालताना ती शुद्धीवर आली. एकच वाक्य बोलली. "पंगत उठवू नका. लोकं उपाशी जातीन."

लोक उपाशी गेले नाहीत. दीडशे माणसांना विमलने वाढलं.

यवतमाळला कळलं ते असं : तिच्या रक्तातली साखर चारशेच्या वर होती, ती किती वर्षांपासून होती कोण जाणे. गुडघ्यावरची तीच पिशवी, माझ्यासारखीच, सुजली होती. बिब्ब्याने कातडं फोडलं, जखमेतून विष आत गेलं, पू थेट सांध्यात उतरला. दोनदा गुडघा उघडून धुवावा लागला.

"कधीपासून दुखत होतं?" डॉक्टरांनी विचारलं. तेच डॉक्टर. त्यांनी मला विचारलं होतं.

"मला काही बोलली नाही," मी म्हणालो.

"महिना झाला," खाटेवरून माझ्याकडे बोट दाखवत विजयमाला म्हणाली. "यायचे व्यायाम सुरू झाल्यावर काई दिवसानं."

"आणि गुडघे टेकायचे नाहीत हे तुम्ही इथेच ऐकलं होतं ना?"

"ते यायले सांगतलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"एका घरात दोन गुडघे?" ती छताकडे पाहत म्हणाली. "दोघंही बसलो असतो तं चूल कोन पेटवली असती? अन् मंग लक्ष्म्या गेल्याच असत्या ना."

"अवो, पण पाय गेला असता."

"पाय एकटीचा हाय," ती म्हणाली.

पाय वाचला. सतरा दिवसांनी आम्ही घरी आलो. गुडघा मात्र आखडला तो आखडलाच. खुर्चीवर बसता येण्याइतका वाकतो, त्यापलीकडे नाही. तिलाही व्यायामाचा कागद मिळाला. मी टाच धरायला बसलो, तर तिने पाय बाजूला घेतला. "टॉवेल द्या," म्हणाली. मी टॉवेल आणून दिला. ती एकटीच करायची, मनातल्या मनात मोजायची. पुढे पुढे तिने ते सोडलं. कोणीतरी आपल्यासाठी थांबून आहे आणि आपण नुसतं पडून पाय उचलतो आहोत, हे तिला सहन होत नसे. त्याची सवय लहानपणापासून लागावी लागते. मला होती.

तिचा गुडघा पाहायला बायका आल्या. त्यांनी स्वतः चहा केला आणि कप विसळून ठेवले.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विजयमालाने कुंपणाशी उभं राहून हाक मारली, "विमल! दुरडी घेऊन ये वं. मुखवटे घेऊन जाय."

विमल धावतच आली. रडायलाच लागली. "नोका ना बाई. तुमच्याच घरी बसवू. तुमी खुर्चीवर बसून सांगा, मी करतो सारं."

"खुर्चीवर बसून सांगाले मी काय तहसीलदार हावो?" विजयमाला म्हणाली. "रडू नोको. आइक. मोठीच्या नथीची तार ढिली हाय, दोऱ्यानं बांधजो. धाकटीले हिरवी साडी चालत नाई, मान वाकडी दिसते. अन् कढी आधी वेगळी काढून ठेवत जाय. शेवटच्या पंगतीले कधीच पुरत नाई."

दुरडीत तांदूळ घातले, त्यावर दोन मुखवटे ठेवले, खण झाकला. जाताना नमस्कार करायचा असतो. विजयमालाला वाकता येईना. दाराच्या चौकटीला धरून ती अर्धी झुकली आणि थांबली. तेव्हा विमलने ती जड दुरडी दोन्ही हातांनी वर उचलली, तिच्या कपाळाच्या उंचीला नेली आणि तशीच धरून ठेवली. विजयमालाने कपाळ टेकवलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

विमलने महालक्ष्म्या उत्तम बसवल्या. मला एकही खोड काढता आली नाही, आणि मी प्रयत्न केला. जेवणाच्या दिवशी आम्ही पाहुणे म्हणून गेलो. ज्यांना खाली बसता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी भिंतीशी तीन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. चौथी विजयमालासाठी. खुर्चीवाल्यांना पहिल्या पंगतीतच वाढतात. विमलने आधी तिच्या पाया पडून सगळ्यांच्या अगोदर तिच्या मांडीवर ताट ठेवलं.

"जेवा बाई."

"आत्ता?"

"एक वाजला जी."

विजयमालाने ताटाकडे पाहिलं. चोवीस वर्षं ती या दिवशी चार वाजता जेवली होती, शेवटच्या पंगतीला, उरलेलं. "मले लक्ष्म्यांच्या दिवशी एक वाजता भूक लागत नाई वं," ती म्हणाली.

मी खाली मांडी घालून जेवलो. पंगत उठली. दुसरी बसली, उठली. आतून "वडे संपले", "भात आना" असे आवाज आले की तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर जात आणि परत ताटाखाली येत. तिसरी पंगत बसली. पुरणपोळी कडक झाली. कोणी विचारलं तर ती म्हणे, "जेवतो ना."

चारच्या पुढे केव्हातरी विमल आपली पत्रावळ घेऊन बाहेर आली आणि खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसली. पत्रावळीवर भात होता आणि कोरडी भाजी.

"कढी?" विजयमालाने विचारलं.

"संपली बाई. वेगळी काढून ठेवाचं इसरलो मी."

विजयमालाने आपल्या ताटातली कढीची वाटी उचलली. भातावर ओतायला तिला वाकता आलं नसतं, म्हणून वाटीच खाली दिली. कढी केव्हाचीच गार झाली होती, वर साय धरली होती. विमलने ती भातावर घेतली, कालवली, एक घास खाल्ला.

"मस्त हाय," ती म्हणाली.

"मीठ कमी असन," विजयमाला म्हणाली, आणि पुरणपोळीचा पहिला तुकडा मोडला.